लाल गंज, काळा गंज आणि जुन्या पिस्तुलाची निळाई

पावसाळ्यात रात्री ओल्या ओट्यावर राहिलेली विळी सकाळी तांबूस झालेली असते. त्याचे कोणाला नवल वाटत नाही, कारण लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरणारच. आता एखाद्या संग्रहालयाच्या कपाटातले शंभर वर्षांपूर्वीचे रिव्हॉल्व्हर पाहा. तेही लोखंडाचेच, पण त्याचा रंग गर्द निळा-काळा असतो. त्यावर ब्रशने रंग दिलेला नसतो की दुसऱ्या धातूचा मुलामाही चढवलेला नसतो. तो निळा-काळा थरही लोखंड आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातूनच झालेला असतो, म्हणजे एका अर्थी तोही गंजच. मग एक गंज विळीचे पाते खातो आणि दुसरा पिस्तुलावर शतकभर टिकतो, हे कसे?

अमेरिकेत हा प्रश्न पुष्कळ घरांत प्रत्यक्ष समोर येतो. तिथे आजोबांचे रिव्हॉल्व्हर किंवा महायुद्धातून परत आलेले पिस्तूल वारशाने मिळणे ही नवलाची गोष्ट नाही. हाती आलेल्या त्या वस्तूचा निळा रंग जागोजागी उडालेला असतो, कुठे लाल ठिपके असतात. घरच्या घरी ते पुन्हा नव्यासारखे करावे, असे वारसाला वाटते. ते करता येते का, याचे उत्तर बहुधा ‘येते’ असेच असते. पण ते करावे का, हे ठरवायचे तर आधी त्या रंगाची घडण समजून घ्यावी लागते.

एकाच लोखंडाचे दोन गंज

लाल गंज म्हणजे पाणी धरून बसलेले लोखंडाचे ऑक्साइड. मूळ लोखंडाला जेवढी जागा लागत होती, तिच्या कितीतरी पट जागा हा गंज घेतो. त्यामुळे तो फुगतो, भेगाळतो आणि पृष्ठभागावरून सुटतो. ओल आलेल्या भिंतीचे पोपडे पडतात तसेच हे घडते. पोपडा निघाला की आतली भिंत उघडी पडते आणि ओल आणखी आत शिरते. लाल गंजाच्या भेगांतून पाणी आणि हवा आतल्या ताज्या लोखंडापर्यंत पोहोचतात आणि काम चालूच राहते.

काळ्या गंजाचे नाव मॅग्नेटाइट. त्याच्या घडणीत लोखंडाच्या तीन अणूंमागे ऑक्सिजनचे चार अणू असतात. निसर्गात सापडणारा चुंबकदगड तो हाच. त्यात पाणी अडकलेले नसते, त्याची वाढ बेताची असते आणि पातळ असेल तर तो पोलादाला घट्ट धरून राहतो. पिस्तुलावरचा असा थर साधारण एकदोन मायक्रॉन जाडीचा भरतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

एवढ्या पातळ थरामुळे दोन गोष्टी घडतात. पहिली, या थराला स्वतःचे रूप जवळजवळ नसते. खालचे पोलाद आरशासारखे घासलेले असेल तर तो खोल, चमकदार निळा दिसतो आणि खडबडीत असेल तर मंद काळा. कोल्ट कंपनीने 1955 मध्ये बाजारात आणलेल्या ‘पायथन’ रिव्हॉल्व्हरच्या निळाईची आजही वाखाणणी होते. त्या निळाईचे श्रेय रसायनापेक्षा ती चढवण्याआधी कारागिरांनी केलेल्या बारीक घासकामाला जास्त जाते.

दुसरी गोष्ट, हा थर एकट्याने गंज थोपवू शकत नाही. त्यात अतिसूक्ष्म रंध्रे असतात. तेलाचा हात दिला की ती रंध्रे तेल धरून ठेवतात आणि ओलावा बाहेर राहतो. निळाई आहे म्हणून तेल लागत नाही, ही समजूत अनेक जुन्या शस्त्रांच्या मुळावर आली आहे. खरे राखणकाम तेल करते आणि निळाई त्याला आधार देते.

गंजवून काळे करण्याची रीत

सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत सुंदर मानली जाणारी पद्धत सरळ गंजापासूनच सुरू होते. भाग सुटे करून त्यांवरचे तेल पूर्ण काढतात. मग सौम्य आम्ल आणि क्षार यांचे द्रावण अगदी पातळ पुसून ते भाग उबदार, दमट पेटीत टांगतात. काही तासांत सर्वत्र बारीक लाल गंजाची लव येते. आता तो भाग शुद्ध पाण्यात उकळतात. उकळत्या पाण्यात लाल गंजाचे रूपांतर काळ्या मॅग्नेटाइटमध्ये होते. वर सुटी राहिलेली काळी पूड तारांच्या मऊ ब्रशने झाडून टाकली की खाली करड्या रंगाचा चिकटलेला थर दिसतो. हेच चक्र अनेकदा केले की करडा रंग गडद होत होत निळ्या-काळ्यावर येतो. या कामाला दिवस लागतात आणि प्रत्येक फेरीत बोटाचा एक ठसाही डाग पाडू शकतो.

उकळण्याची पायरी गाळली आणि गंज नुसताच घासत राहिले तर रंग तपकिरी येतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या अनेक नळ्या अशाच तपकिरी केलेल्या होत्या. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या नळीवर ही रीत विशेष खुलते. दोन्ही धातूंवर द्रावणाचा परिणाम कमीजास्त होतो, म्हणून पिळाची नक्षी उठून येते. भारतातल्या जुन्या तोड्याच्या बंदुकांच्या नळ्यांवरही असे पीळ पाहायला मिळतात.

ही पद्धत संथ असल्यामुळे कारखान्यांना झटपट मार्ग हवा होता. तो मिळाला कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षार यांच्या दाट द्रावणात. हे द्रावण सुमारे 140 अंश सेल्सियसला उकळते आणि अर्ध्याएक तासात पोलाद काळे करते. आजच्या बहुतेक निळ्या बंदुका अशाच केलेल्या असतात. पण हे काम घरच्या गॅरेजात करण्यासारखे नाही. त्या तापमानाच्या द्रावणात थोडे जरी पाणी पडले, तरी पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळजळीत कॉस्टिक उसळून अंगावर येते. शिवाय ते अॅल्युमिनियम विरघळवते आणि शिशा-कथिलाच्या डागकामालाही खाते. जुन्या दुनळीच्या दोन्ही नळ्या अशाच डागाने जोडलेल्या असतात. तिला या द्रावणात बुडवले तर रंग मिळतो, पण नळ्यांचा जोड सुटायला लागतो.

बाजारात बाटलीत मिळणारे ‘कोल्ड ब्लू’ हा तिसरा प्रकार. कापसाने पुसले की लगेच धातू काळा होतो. पण तो काळेपणा मॅग्नेटाइटचा नसतो. या द्रावणात बहुधा सेलेनियमची आणि तांब्याची संयुगे असतात आणि त्यांचाच पातळ थर पोलादावर बसतो. ओरखडा झाकायला तो बरा, पण पूर्ण पिस्तूल त्याने रंगवले तर हाताळून लवकर पुसट होते.

उष्णतेने येणारे रंग

काही जुन्या पिस्तुलांच्या चापावर किंवा स्क्रूंवर गवती पिवळा, जांभळा किंवा लखलखीत निळा रंग दिसतो. हे नुसत्या उष्णतेचे काम. घासलेले पोलाद हवेत तापवत गेले की सुमारे 220 ते 230 अंशांना ते फिकट गवती होते, 280 च्या आसपास जांभळे आणि 300 च्या सुमारास निळे. तापमानाबरोबर वरचा ऑक्साइडचा पारदर्शक थर जाड होत जातो. प्रकाश थोडा थराच्या वरच्या पृष्ठभागावरून आणि थोडा खालच्या धातूवरून परततो. ही दोन्ही किरणे एकत्र येताना थराच्या जाडीनुसार काही रंग एकमेकांना खोडून काढतात आणि उरलेले डोळ्यांना दिसतात. म्हणजे इथे रंगद्रव्य नावाची गोष्टच नसते, असते ती फक्त जाडी.

पाच शस्त्रे, पाच पृष्ठभाग

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या दंडगोलात बसतात. आजच्या अर्थाने पिस्तूल म्हणतात त्यात ती मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात आणि बहुतेक पिस्तुलांत प्रत्येक बाराला वरची स्लाइड मागेपुढे होते. पाच प्रसिद्ध नमुने शेजारी ठेवले तर शंभराहून अधिक वर्षांतला पृष्ठभागाचा इतिहास समोर येतो.

*कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मी, 1873.* नळी आणि दंडगोल निळे, पण सांगाडा निळ्या, करड्या, तपकिरी ढगांनी भरलेला. मऊ लोखंडी सांगाडा हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात बंद पेटीत लाल होईपर्यंत तापवत आणि पाण्यात विझवत. कोळशातला कार्बन पृष्ठभागात शिरून वरचे कवच कठीण होई, आतला गाभा चिवट राही. रंगीत ढग हे त्या प्रक्रियेत आपोआप उमटलेले पातळ ऑक्साइड. ते नाजूक असतात आणि उन्हानेही फिके होतात.

*ल्यूगर पी-08, 1908.* जर्मन सैन्याने त्या वर्षी स्वीकारलेले पिस्तूल. सुरुवातीच्या ल्यूगरवर गंजवून केलेली निळाई आणि चाप, सुरक्षेची कळ असे लहान भाग गवती पिवळे. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात क्षारांच्या गरम द्रावणाची पद्धत आली आणि लहान भागही निळे झाले. त्यामुळे चापाचा रंगच पिस्तुलाच्या काळाचा अंदाज देतो.

*एम-1911-ए-1.* जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे हे अमेरिकी लष्करी पिस्तूल. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या बहुतेक प्रतींवर फॉस्फेटचा करडा थर दिला गेला. फॉस्फरिक आम्लाच्या गरम द्रावणात पोलादावर फॉस्फेटचे बारीक स्फटिक उगवतात. हा थर दिसायला खडबडीत, पण तेल भरपूर शोषून धरतो आणि चमकत नाही. रणांगणासाठी हे दोन्ही गुण हवेतच.

*स्मिथ अँड वेसन मॉडेल 60, 1965.* नियमित उत्पादनातले पहिले स्टेनलेस पोलादाचे रिव्हॉल्व्हर. इथे थर द्यावाच लागत नाही. पोलादातल्या क्रोमियमचे ऑक्साइड स्वतःहून अदृश्य पापुद्रा धरते आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा जमतो.

*ग्लॉक 17, 1982.* ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलेले पिस्तूल. सांगाडा पॉलिमरचा, म्हणून गंजाचा प्रश्नच नाही. पोलादी स्लाइडच्या पृष्ठभागात गरम क्षारांतून नायट्रोजन आणि कार्बन मुरवलेले असतात. काळा रंग घासला गेला तरी मुरलेले कठीण कवच शाबूत राहते.

तुलना करताना मात्र एक लक्षात ठेवावे. कोल्टची निळाई ग्लॉकच्या स्लाइडपेक्षा कमी टिकाऊ आहे हे खरे, पण म्हणून कोल्टला आधुनिक थर द्यावा असे होत नाही. प्रत्येक पृष्ठभाग त्या काळच्या धातूविद्येचा दाखला आहे.

झीज कशी वाचावी

जुन्या शस्त्रावरची झीज कुठेही, कशीही झालेली नसते. चामड्याच्या म्यानातून सतत आतबाहेर झालेल्या रिव्हॉल्व्हरची निळाई नळीच्या टोकाशी आणि उंच कडांवर उडते. दंडगोलाभोवती गोल रेघ दिसते, ती त्याला अडवणाऱ्या खिट्टीची. दंडगोल आणि नळी यांच्यामधल्या फटीतून प्रत्येक बाराला तप्त वायू सुटतात. म्हणून दंडगोलाचा पुढचा भाग काळवंडतो आणि झिजतो. मुठीची मागची बाजू घामाने करडी होते, कारण घामात मीठ असते.

नळीच्या आतले खड्डे वेगळीच हकीकत सांगतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक देशांच्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते. हा क्षार स्वयंपाकघरातल्या मिठासारखाच ओलावा ओढतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून तेव्हाचे सैनिक नळी आधी गरम पाण्याने धूत आणि मग तेल लावत. नुसते तेल लावून ठेवलेल्या नळ्या आतून खाल्ल्या गेल्या.

नुकसान घासण्याने होते

नवा रंग चढवण्याआधी जुना पृष्ठभाग घासावा लागतो आणि इथेच अनर्थ होतो. गंजाचा खड्डा भरून येत नाही. तो घालवायचा तर आजूबाजूचे सगळे पोलाद खड्ड्याच्या तळाएवढे खाली आणावे लागते. विजेच्या चाकावर हे काम मिनिटांत होते. त्याच मिनिटांत तीक्ष्ण कडा गोल होतात, सपाट बाजूंना लाटा येतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखी खोलगट जागा होते आणि कारखान्याची अक्षरे, तपासनीसाचे शिक्के पुसट होतात. जाणकार संग्राहक रंगाआधी याच खुणा पाहतात. जिथे मुळात गवती रंग होता तिथे निळा दिसला किंवा कठीण केलेल्या भागाचा रंग जांभळट आला, तरी त्यांना लगेच संशय येतो.

अमेरिकेत नॅशनल रायफल असोसिएशनने जुन्या शस्त्रांच्या स्थितीच्या श्रेणी ठरवल्या आहेत. त्यांत मूळ पृष्ठभाग किती टक्के उरला आहे, याला मोठे वजन आहे. कोल्टच्या जुन्या दप्तरांतून क्रमांकावरून पत्र मिळवता येते. ते शस्त्र कारखान्यातून कधी आणि कोणत्या रूपात बाहेर पडले, हे अशा पत्रातून कळू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीने 1911-ए-1 ची केवळ 500 पिस्तुले केली आणि त्यांना निळाई दिली. पुढे त्याच नमुन्याच्या लाखो पिस्तुलांवर करडा फॉस्फेट आला. ‘लष्करी पिस्तूल करडेच असते’ असे समजून कोणी सिंगरच्या प्रतीला फॉस्फेट दिला, तर एक दुर्मीळ पुरावा कायमचा नाहीसा होतो.

घरी करण्यासारखे काम

सर्वांत आधी शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी आणि काडतुसे त्या खोलीतच ठेवू नयेत. नंतर ते काय आहे, मूळ पृष्ठभाग कोणता होता, हे शोधावे. ही ओळख पटेपर्यंत काहीही घासू नये.

ताज्या लाल ठिपक्यांवर पातळ तेल टाकून ते मुरू द्यावे आणि मग अतिशय बारीक कांस्य-तारेचा बोळा हलक्या हाताने फिरवावा. लाल पूड निघते, खालचा काळा थर बराचसा वाचतो. गंज पसरलेला असेल तर जाणकार कारागीर सुटा केलेला भाग शुद्ध पाण्यात उकळतात आणि मऊ ब्रशने झाडतात. वर सांगितलेल्या रीतीतलीच ही एक पायरी असल्यामुळे लाल गंज काळा होऊन थांबतो आणि धातू घासावा लागत नाही. शेवटी तेलाचा हात द्यावा. प्रदर्शनातल्या वस्तूंना अनेक संग्रहालये सूक्ष्मस्फटिकी मेण लावतात. या कामासाठी प्रसिद्ध असलेले ‘रेनेसाँ वॅक्स’ ब्रिटिश म्युझियममधल्या संवर्धनाच्या कामातून पुढे आले. शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये, कारण चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार ओलाव्याबरोबर धातूवर उतरतात.

पूर्ण नवी निळाई देणे केव्हा योग्य? शस्त्र सर्वसामान्य असेल, कोणीतरी आधीच घासून रंगवलेले असेल किंवा गंजाने मूळ पृष्ठभाग उरलाच नसेल, तेव्हा. अशा वेळीही विजेचे चाक टाळावे, सपाट ठोकळ्यावर कागद गुंडाळून हाताने घासावे, अक्षरांपाशी थांबावे आणि संथ गंजपद्धत वापरावी.

> थोडक्यात
> • लाल गंज फुगून सुटतो. काळा गंज पातळ राहिला तर पोलादाला चिकटून राहतो.
> • निळाई तेल धरून ठेवते. गंज अडवण्याचे काम मुख्यतः तेलाचे.
> • गंजपद्धत संथ पण सौम्य. गरम कॉस्टिक घरासाठी धोक्याचे. कोल्ड ब्लू फक्त ओरखड्यांपुरते.
> • किंमत आणि इतिहास यांचे नुकसान रंगाने कमी, घासण्याने जास्त होते.
> • आधी ओळख, मग तेल, मग मेण. नवा रंग सर्वांत शेवटी.

आपल्याकडचा नियम

अमेरिकेत स्वतःच्या शस्त्रावर स्वतः काम करायला केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. दुसऱ्यांची शस्त्रे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करायचा तर लागतो. भारतात हे चालत नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे शस्त्र बनवणे, बदलणे किंवा दुरुस्त करणे यासाठी परवाना हवा. कलम 8 प्रमाणे शस्त्रावरचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणे हा गुन्हा आहे. म्हणजे हौसेने चाकावर घासताना क्रमांक गेला, तरी प्रकरण गंभीर होते. कलम 45 मध्ये पुराणवस्तूंना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही बार उडू शकणार नाही अशाच शस्त्रांना. आपल्या माळ्यावरची बंदूक त्यात बसते की नाही, हे घरच्या घरी ठरवू नये, पोलीस ठाण्यात विचारावे.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेली बंदूक असो की वाड्यातली पिढीजात ठासणीची बंदूक, चार महिन्यांची दमट हवा दोन्हींना सारखीच छळते. कोरड्या फडक्याने पुसणे, तेलाचा पातळ हात देणे आणि हवेशीर, कुलूपबंद जागी ठेवणे एवढे मालकाने जरूर करावे. त्यापुढचे काम परवानाधारक कारागिराकडे न्यावे आणि त्यालाही आधीच सांगावे की गंज थांबवा, पण घासू नका. निळाई उद्या पुन्हा चढवता येईल, पण घासून गेलेली कड आणि पुसलेला शिक्का कोणत्याही रसायनाने परत येत नाही.